समुद्र कुठवर होता, हे कोण सांगणार?

गेल्या रविवारी भुईगावच्या किनाऱ्यावर दोन ज्येष्ठांचा वाद ऐकला. सुरूची मुळं उघडी पडलीत, त्यांच्याशेजारीच बसले होते दोघं. एक म्हणाले, "आमच्या लहानपणी दर्या इथून शंभर पावलं लांब होता." दुसरे म्हणाले, "छे, पन्नासही नसेल!" बातमी होईल म्हणून मी वही काढली आणि परत खिशात ठेवली. पुरावा काय देणार?

हाच प्रश्न हिमालयात हिमनद्यांबाबत येतो. बर्फ पूर्वी कुठवर होता? तिथे साक्ष देतो दगड.

त्याचं असं आहे. हिमनदी सरकताना खालचा खडक किसणीसारखी खरवडते. वरचा जुना थर निघून जातो. पुढे बर्फ मागे हटला की तो कोरा खडक उघडा पडतो आणि अंतराळातून येणारे विश्वकिरण त्यावर आदळू लागतात. खडकातल्या गारगोटीत, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, ऑक्सिजनचे अणू फुटून बेरिलियम-१० तयार होतं. वेग किती? समुद्रसपाटीला एका ग्रॅममागे वर्षाला जेमतेम चार-पाच अणू, उंचावर त्याहून बरेच जास्त. ते मोजले की खडक किती वर्षं उन्हात आहे ते कळतं. खोऱ्यात खालपासून वरपर्यंत असे नमुने घेतले की बर्फ कधी कुठून हटला, त्याचा माग लागतो. अशी मोजणी करणारं यंत्र दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये आहे.

दगड फसवतोही बरं का. खरवडणं अपुरं झालं तर वय जास्त निघतं. धोंडा मागाहून उलटला असेल तर कमी निघतं. म्हणून एका दगडावर कुणी विसंबत नाही.

गंगोत्रीजवळच्या भागीरथी खोऱ्यातल्या धोंड्यांचा असा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. हिमनदी पुढे सरकल्याचे टप्पे निघाले साधारण ७ हजार, ५ हजार आणि २०० ते ३०० वर्षांपूर्वीचे. त्यानंतर माणसाने नोंद ठेवली. १९३५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ऑडेन यांनी गोमुखाचा नकाशा केला. चारधामला जाऊन पुढे गोमुखापर्यंत चालत गेलेल्यांनी वाटेवर सालांच्या खुणा पाहिल्या असतील. बर्फाचं तोंड कोणत्या साली कुठे होतं, ते त्या सांगतात.

आता म्हणाल, बर्फाचा आणि आपल्या वसईचा काय संबंध? सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, मुख्यतः उत्तर अमेरिका आणि युरोपवर प्रचंड बर्फ साठलेला असताना, समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. आपला किनारा तेव्हा पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटर लांब. बर्फ वितळला, तसा दर्या आपल्या दारात आला. आज पुन्हा बर्फ वितळतोय.

पण किनारा खचण्यामागे एकटा समुद्र नाही. रेतीउपसा आहे, तिवरांवरचा भराव आहे. यात कुणाचा वाटा किती, हे नोंदीशिवाय ठरणार कसं? मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इकडे वाडीतल्या विहिरी आणि बावखलं मचूळ होतात ती आपली.

आपल्या गावाला दगडाची साक्ष नवी नाही. अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली याच भुईगावात सापडला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतं.

आपण निदान एवढं करूया. किनाऱ्यापासून आत, न हलणारा एक दगडी खांब उभारायचा. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर, ठरल्या तिथीच्या भरतीला, पाणी खांबापासून किती लांब आहे ते टेपने मोजायचं, साल घालून लिहायचं आणि फोटो काढायचा. शाळेतली पोरंही हे करतील. यंदा सुरुवात केली तर त्यांच्या म्हातारपणी असा वाद व्हायचा नाही.

जुने फोटो, लग्नातले किंवा सहलीचे, ज्यात मागे किनारा दिसतो, ते घरात असतील तर सालासकट खाली टाका. पहिली नोंद तिथूनच करू.