ब्रेकला हात कोणी लावावा?

इलेक्ट्रिक माउंटन बाइकचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घरी बदलू नये, ते दुकानाचेच काम, हे मत सायकलस्वारांमध्ये आता सिद्धान्तासारखे वावरू लागले आहे. मला ते अमान्य आहे. पण ते उथळ नाही. म्हणून खंडनाआधी ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे माझे कर्तव्य ठरते.

पूर्वपक्ष असा. गिअर बिघडला तर सायकल ढकलत घरी येता येते. घाटाच्या वळणावर ब्रेकने दगा दिला तर दुसरी संधी मिळत नाही. इ-बाइक साध्या सायकलीपेक्षा जड, म्हणून ब्रेकवरचा ताणही जास्त. तिच्यात बॅटरी आहे, वायरिंग आहे. नवख्याने तिथे हात घालणे धोक्याचे. ऑइलच्या नळीत हवा राहिली तर लिव्हर मऊ पडते आणि हँडलपर्यंत दबली जाते. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, उत्पादक कंपन्याच सांगतात की हे काम प्रशिक्षित मेकॅनिकने करावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. शिमानोच्या तांत्रिक पुस्तिकेत आरंभीच सूचना असते: ही पुस्तिका मुख्यतः व्यावसायिक मेकॅनिकसाठी आहे; प्रशिक्षण नसलेल्यांनी केवळ तिच्या आधारे सुटे भाग बसवू नयेत. ही सूचना मी नाकारत नाही. मात्र ती तिथेच संपत नाही. पुस्तिकेतला काही भाग कळला नाही तर काम पुढे नेऊ नका, विक्रेत्याची मदत घ्या, असेही ती सांगते. म्हणजे कंपनीचा आग्रह कशाचा आहे? जाणकारीचा. दुकानाच्या पत्त्याचा नव्हे. आपल्याकडे सायकल मेकॅनिकला कोणताही परवाना लागत नाही, कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. दुकानावर पाटी आहे म्हणून आतला माणूस हायड्रॉलिक ब्रेकचा जाणकार ठरतो, हे अनुमान कोणत्या प्रमाणावर उभे आहे?

प्रमाण हवे असेल तर ऑइलचेच घ्या. सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन निराळ्या जातींची द्रव्ये चालतात. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. स्रॅमच्या अनेक ब्रेकमध्ये डॉट ५.१ लागते, काही नव्या मॉडेलांत मात्र मिनरल ऑइल. या दोन जाती एकमेकींच्या जागी चालत नाहीत. मिनरल ऑइलसाठी बनवलेल्या रबरी सीलना डॉट लागले की ती फुगतात, खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो. आता तालुक्याच्या गावातल्या गॅरेजचा विचार करा. तिथे ‘ब्रेक ऑइल’ म्हणून जी बाटली असते ती मोटरसायकलची, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ ची. मेकॅनिक कुशल असेल, प्रामाणिकही असेल, पण मिनरल ऑइलचा सायकल ब्रेक त्याच्या हाताखालून कधी गेलाच नसेल तर तो तीच बाटली उचलणार. याउलट घरी काम करणारा माणूस निदान आपल्या लिव्हरच्या टाकीवर काय छापले आहे ते वाचतो. अशा वेळी अधिक सुरक्षित कोण? निवाडा वाचकांनीच करावा.

डॉटचा आणखी एक गुण इथे नोंदवायला हवा. ते हवेतले बाष्प शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या स्थितीत तो १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. आपल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली अर्धी बाटली म्हणूनच निरुपयोगी. घरी तुम्ही लहान सीलबंद बाटली आणता आणि तीच उघडता. दुकानातली बाटली कधी उघडली गेली, हे तुम्हाला कोण सांगणार?

आता वजन. साधी माउंटन बाइक १४ किलोची आणि इ-बाइक २४ किलोची धरा, स्वार ७५ किलोचा. एकूण ८९ विरुद्ध ९९ किलो. सिंहगडासारख्या घाटाच्या हिशेबाला ५०० मीटर उतार घेतला, तर पहिल्या जोडीची सुमारे ४ लाख ३६ हजार ज्यूल स्थितिज ऊर्जा खर्ची पडते, दुसरीची ४ लाख ८५ हजार. काही वाटा हवेच्या विरोधात जातो, उरलेल्याची उष्णता बहुतांशी ब्रेकमध्ये होते. फरक आहे, आणि तो साधारण ११ टक्के आहे. पण ८५ किलोचा माणूस साध्या सायकलवर बसला की बेरीज तेवढीच भरते! त्याने घरी ब्रेक बदलू नये असा सिद्धान्त कोणी मांडलेला माझ्या तरी ऐकिवात नाही. शिवाय मोटरचे साहाय्य ताशी २५ किलोमीटरला थांबते; त्यापुढे उतारावर इ-बाइक ही केवळ एक जड सायकल असते. जादा उष्णतेचे उत्तर मोठा रोटर आणि चार पिस्टनचा कॅलिपर हे आहे. १८० ऐवजी २०३ मिलिमीटरचा रोटर निवडताना फ्रेम आणि फोर्क किती मोठा रोटर पेलतात ते पाहावे लागते, इतकेच. हे उत्तर भागांच्या निवडीत आहे, बसवणाऱ्याच्या हुद्द्यात नाही.

विजेची भीती त्याहूनही पोकळ. या सायकलींच्या बॅटऱ्या साधारणपणे ३६ किंवा ४८ व्होल्टच्या असतात आणि काढता येतात. ती काढून बाजूला ठेवा, मग काम सुरू करा. खरे सापळे वेगळेच आहेत, आणि आश्चर्य असे की पूर्वपक्ष त्यांचा उल्लेखही करत नाही. पहिला सापळा हब मोटरच्या सायकलींचा. त्यांच्या ब्रेक लिव्हरमध्ये अनेकदा मोटर बंद करणारा कट-ऑफ स्विच असतो. त्याजागी साधी लिव्हर बसवली तर ब्रेक दाबल्यावरही मोटर क्षणभर ओढत राहू शकते. दुसरा सापळा रोटरचा. काही मिड-ड्राइव्ह सायकलींत वेग मोजणारे चुंबक मागच्या रोटरलाच जोडलेले असते. चुंबक नसलेला रोटर लावला की सेन्सरला वेग कळत नाही आणि मोटर साहाय्य देणे थांबवते. जुना भाग काढण्यापूर्वी नीट पाहणाऱ्याला हे दोन्ही सापळे दिसतात, घाईत असलेल्याला दिसत नाहीत. मग तो दुकानात असो की अंगणात.

राहिली हवा. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, वायू दाबला जातो, म्हणून नळीतली हवा तुमच्या बोटांचे बळ खाऊन टाकते. पण हवा वर चढते, हाही निसर्गनियमच. नळीतली हवा बाहेर काढण्याची, म्हणजे ब्लीडिंगची, सारी पद्धत याच नियमावर रचली आहे. सायकल स्टँडवर घ्या, लिव्हर सर्वांत उंच आणि आडवी ठेवा, पिस्टनांच्या मधोमध ब्लीड ब्लॉक बसवा, खालून कॅलिपरमधून सिरिंजने ऑइल ढकला. बुडबुडे वरच्या फनेलमध्ये येऊन फुटतात. बुडबुडे येणे थांबेपर्यंत नळीवर बोटाने टिचक्या मारत राहायचे. यात कौशल्यापेक्षा सबुरी अधिक लागते, आणि तासाच्या हिशेबाने काम करणाऱ्या दुकानापेक्षा ती मालकाकडे जास्त असते. कारखान्यातूनच ऑइल भरून आलेला संच घेतला आणि नळी फ्रेमच्या बाहेरून जात असेल, तर नळी कापावीच लागत नाही. तेव्हा ब्लीडिंगचा प्रश्नच उद्भवत नाही.

घट्टपणाचेही तसेच. शिमानोचे सहा बोल्टांचे रोटर २ ते ४ न्यूटन-मीटरला कसायचे, सेंटरलॉकची रिंग ४० ला. या दोन आकड्यांमधले अंतर पाहा आणि सांगा, हाताच्या अंदाजावर विसंबणारा अनुभव श्रेष्ठ की टॉर्क रेंच?

काही ठिकाणी मी पूर्वपक्षाशी सहमत आहे. एबीएस बसवलेल्या सायकलीला घरी हात लावू नये. नळी हेडसेटच्या बेअरिंगमधून जात असेल तर ते काम अनुभवी माणसाकडे द्यावे. कॅलिपर बसण्याची फ्रेमवरची जागा वाकडी असेल तर ती घासून सरळ करायला लागणारे हत्यार घरी नसते. पण हे अपवाद आहेत, आणि अपवादांवरून नियम रचणे हा तर्कदोष आहे.

शेवटी, काम चोख झाले हे ठरवणार कोण? लिव्हर पूर्ण ताकदीने दाबून मिनिटभर धरून ठेवा. ती हळूहळू खाली सरकू नये, एकाही जोडावर ऑइलचा ओलावा दिसू नये. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर नवे पॅड बसवून घ्या: वेग घ्या, चाक न अडकवता दमादमाने जवळजवळ थांबा, आणि पकड पक्की होईपर्यंत हे वीसेक वेळा करा. या कसोट्या कंपनीच्या मेकॅनिकला लागू आहेत तशाच मालकालाही. दुकानातून परत आलेल्या सायकलवर त्या किती जण करून पाहतात?