समुद्र सोडून आलेल्या होड्या

सन २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्गातील देवगडच्या बंदरात एकाएकी अनोळखी होड्यांची दाटी झाली. ‘ओखी’ चक्रीवादळाने झोडपलेल्या, दक्षिणेकडून वाहत आलेल्या त्या ६८ होड्या होत्या. त्यांतील ६६ केरळच्या आणि दोन तामिळनाडूच्या. त्यांच्यावर ९५२ मच्छीमार होते. त्यांची भाषा आपल्याला कळत नव्हती, आपली त्यांना कळत नव्हती. तरीही वादळ निवळेपर्यंत त्यांची काळजी घेण्याचे आदेश महाराष्ट्र शासनाने दिले आणि कोकणच्या किनाऱ्याने त्यांना आसरा दिला. ही माणसे वाचली. पण त्यांच्या गावांतील शेकडो माणसे परतलीच नाहीत.

या घटनेनंतर अवघ्या साडेआठ महिन्यांनी याच किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी जे केले, त्याची नोंद आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात आवर्जून व्हावयास हवी.

तिरुवनंतपुरमपासून कन्याकुमारीपर्यंतच्या किनाऱ्यावरील कोळी समाज बहुसंख्येने लॅटिन कॅथोलिक आहे. त्यांच्या श्रद्धेचा उगम आपल्यालाही परका नाही. १५४४ साली संत फ्रान्सिस झेवियर यांनी त्रावणकोरच्या किनाऱ्यावर गावोगाव पायी फिरून एका महिन्यात दहा हजारांहून अधिक मुक्कुवर कोळ्यांना बाप्तिस्मा दिला. तेच झेवियर वसईलाही आले होते आणि त्यांचे पार्थिव आज जुन्या गोव्यात आहे. मात्र बाप्तिस्म्याने या समाजाला देव मिळाला, तरी समाजात मान मिळाला नाही. आतल्या भागातील जमीनदार व सुशिक्षित वर्ग, मग तो हिंदू असो वा ख्रिस्ती, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खालच्या नजरेनेच पाहत आला.

ओखीच्या वेळी ही उपेक्षा त्यांच्या जिव्हारी लागली. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी वादळ आले, तेव्हा अनेक होड्या खोल समुद्रात होत्या. इशारा वेळेवर पोचला नाही, शोधकार्य उशिरा सुरू झाले, अशी किनाऱ्याची तक्रार होती. शेवटी पून्तुरा, विळिंजम येथील मच्छीमार स्वतःच्याच होड्या घेऊन आपल्या माणसांच्या शोधात निघाले. बेपत्ता झालेल्यांच्या याद्या महाधर्मप्रांताने धर्मग्रामांतून स्वतंत्रपणे तयार केल्या. त्या वर्षीचा नाताळ अनेक घरांत दिव्यावाचून गेला.

आणि मग २०१८ चा ऑगस्ट उजाडला. त्या वर्षी १ जून ते १९ ऑगस्ट या काळात केरळात सरासरीपेक्षा ४२ टक्के अधिक पाऊस झाला. इडुक्की धरणाचे दरवाजे २६ वर्षांनंतर उघडावे लागले. एकूण ३५ धरणांतून पाणी सोडण्यात आले. पंपा, अच्चनकोविल, मणिमला, पेरियार या नद्या पात्र सोडून वस्त्यांत शिरल्या. चेंगन्नूर, पंदलम, आरन्मुळा, आलुवा, चालकुडी या सुखवस्तू गावांत माणसे माडीवर आणि छपरांवर अडकून पडली. पुढे झालेल्या पाहणीनुसार या पुरात ४३३ माणसे दगावली आणि चौदा लाख लोकांना घर सोडावे लागले.

१५ ऑगस्ट हा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. त्याच दिवशी पंपेच्या खोऱ्यात पाणी झपाट्याने चढले. सैन्याची व शासनाची साधने अपुरी पडू लागली, तेव्हा जिल्हा प्रशासनाने कोळ्यांना साद घातली. तिरुवनंतपुरमच्या महाधर्मप्रांतात, त्याच किनाऱ्यावर जन्मलेले आर्चबिशप सूसा पाकियम यांच्या नेतृत्वाखाली, धर्मग्रामाधर्मग्रामांतून निरोप गेला. कोल्लमच्या किनाऱ्यावरही तेच घडले. ज्या चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून नऊ महिन्यांपूर्वी बेपत्ता झालेल्यांची नावे ऐकू आली होती, त्याच चर्चनी आता होड्या मागितल्या.

समुद्राची होडी जमिनीवरून इतक्या आत नेणे ही सोपी गोष्ट नव्हे. होड्या मालमोटारींवर चढवल्या गेल्या, सोबत बाहेरची यंत्रे आणि इंधनाचे डबे होते. तेथे पोचल्यावर निराळेच संकट उभे राहिले. समुद्रात लाट दिसते. पुराच्या पाण्याखाली दडलेली कुंपणे, फाटके, विजेच्या तारा दिसत नाहीत. दोन भिंतींमधून धावणारा ओढ होडीला कोठेही आपटतो. यंत्राच्या पात्यांत वेली अडकल्या, होड्यांचे तळ फुटले. जेथे होडी जाईना, तेथे ही माणसे छातीभर पाण्यात उतरून वृद्धांना खांद्यावर घेऊन आली. मत्स्यव्यवसाय विभागाच्या नोंदीनुसार ६६९ होड्या आणि ४,५३७ मच्छीमारांनी मिळून सुमारे ६५,००० जीव वाचवले.

त्यांत सर्वच कॅथोलिक नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. आलप्पुळच्या बाजूचे हिंदू धीवर होते, मलप्पुरमचे मुसलमान होते. तानूरचा एक मुसलमान कोळी पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून स्त्रिया बचावनौकेत चढल्या. ते छायाचित्र देशभर पोचले. वाचवणाऱ्याने कोणाला धर्म विचारला नाही. पण एका मच्छीमाराने पुढे वृत्तपत्रांना सांगितलेली हकीकत मनाला बोचणारी आहे. एका गावी अडकलेल्या काही उच्चवर्णीय कुटुंबांनी ‘ही ख्रिस्ती लोकांची होडी आहे काय?’ असे विचारून आधी चढण्यास नकार दिला. पाणी आणखी चढल्यावर ते तयार झाले, पण आपल्याला शिवू नये, या अटीवर. मच्छीमारांनी ती अटही मानली आणि त्यांना सुखरूप बाहेर काढले.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो ऐकताना आपण नेहमी स्वतःला शोमरोन्याच्या जागी ठेवतो. पण दाखल्याची खरी धार अशी की, ज्याला समाज तुच्छ लेखतो त्याच्याच हातून मदत स्वीकारण्याची पाळी जखमी माणसावर येते. मदत देणे कठीण खरे, पण तुच्छ मानलेल्याच्या हातून ती घेणे त्याहून कठीण. केरळच्या पुराने तो दाखला शब्दशः उभा केला.

मदतीचा हा ओघ एकाच दिशेने वाहिला नाही. कोट्टयम जिल्ह्यात वेच्चूरजवळ एका चर्चच्या आवारातील छावणीत अन्न कमी पडले, तेव्हा तेथील फादरांनी शेजारच्या मशिदीकडे शब्द टाकला. मुसलमान बांधव शिधा घेऊन आले. पुढच्या शुक्रवारी फादर मशिदीत गेले आणि नमाजासाठी जमलेल्यांचे त्यांनी आभार मानले. २२ ऑगस्टला बकरी ईद होती. त्रिशूर जिल्ह्यात माळ्याजवळ मशीद पाण्याखाली असल्यामुळे रत्नेश्वरी मंदिराने आपले सभागृह नमाजासाठी मोकळे करून दिले.

पूर ओसरल्यावर मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी या मच्छीमारांना केरळचे सैन्य म्हणून गौरवले. शासनाने प्रत्येक होडीमागे दिवसाला ३,००० रुपये देऊ केले. जीव वाचवण्याचे मोल नको, असे सांगून काहींनी ते नाकारले.

येथे लेखणी थांबवली असती, तर कथा गोड झाली असती. परंतु इतिहास पुढे चालतो. समुद्राने घरे गिळलेली वलियतुरा येथील कुटुंबे पुढे कैक वर्षे सिमेंटच्या गोदामात राहत होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, पुराला चार वर्षे होत असताना, विळिंजमच्या नव्या बंदरामुळे किनारा खचत असल्याची व्यथा मांडण्यासाठी हेच मच्छीमार आपल्या धर्मगुरूंसह बंदराच्या दाराशी बसले. डिसेंबरपर्यंत ते आंदोलन चालले. या वेळी त्यांच्या वाट्याला गौरवाचे शब्द फारसे आले नाहीत. विकासाचे शत्रू हीच पदवी त्यांना अनेकांकडून मिळाली.

आपल्या वसईच्या किनाऱ्यावरही कोळीवाडे आहेत आणि चर्चच्या बाकांवर कोळी, कुपारी, वाडवळ शेजारी शेजारी बसतात. २०१८ च्याच जुलैत वसई पाण्याखाली गेली होती, तेव्हा शेजाऱ्याच्या माडीची किंमत आपणही अनुभवली. संकटात ज्यांचा खांदा आपल्याला चालतो, त्यांचे दुःख संकट सरल्यावरही आपल्याला आपले वाटते का, हा प्रश्न केवळ केरळपुरता नाही. देवगडच्या बंदराने एकदा अनोळखी होड्यांना जागा दिली होती. त्या होड्यांच्या किनाऱ्याने ते ऋण अनोळखी माणसांना फेडले. ते आता आपल्या दाराशी आले आहे.