हौसेचे मोल : गॅरेज रॉक, टकोमा आणि स्मरणरंजन

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. हौशी रंगभूमी, हौशी वाद्यवृंद, हौशी संग्राहक अशा शब्दप्रयोगांतील 'हौशी' या विशेषणाला कौतुकाची छटा असते, तशीच किंचित कमीपणाचीही असते. पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी केलेले काम, आणि म्हणून थोडेसे कच्चे राहिलेले काम, असे आपण त्यातून सुचवीत असतो. अमेरिकेतील 'गॅरेज रॉक' या संगीतप्रकाराचा इतिहास वाचताना हा शब्द आम्हांला पुन्हापुन्हा आठवत राहिला. हे संगीत हौशी मुलांनी वाजवले आणि पुढे त्याचा इतिहासही प्रथम हौशी रसिकांनीच लिहिला. विद्यापीठांच्या वा संग्रहालयांच्या खिजगणतीतही नसलेली एक गोष्ट निव्वळ आवडीच्या बळावर इतिहासात कशी आली आणि येताना तिने मागे काय सोडले, हे तपासण्याचा प्रयत्न येथे केला आहे. वाङ्मयेतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना हा प्रश्न अनोळखी वाटणार नाही.

प्रथम नावाविषयी. १९६५ साली एखाद्या अमेरिकी गावात घराशेजारच्या मोटारीच्या खोलीत गिटार आणि ड्रम घेऊन सराव करणाऱ्या मुलाला आपण 'गॅरेज रॉक' वाजवतो आहोत हे ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी ते नुसते रॉक अँड रोल होते, शनिवारच्या नाचासाठी वाजवायचे. प्रकाराचे नाव नंतर आले. ते रसिकांनी आणि समीक्षकांनी दिले. आपल्याकडेही 'साठोत्तरी' हे विशेषण लेखकांना नंतरच चिकटले. वाङ्मयप्रकार असो वा संगीतप्रकार, त्याचे बारसे बहुधा मागाहून होते आणि बारसे करणाऱ्याची आवडनिवड त्या नावात उतरते, हे येथेच ध्यानात घेतलेले बरे.

या संगीताचे भौतिक कारण सरळ होते. युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी साठच्या दशकात वयात येत होती. स्वस्त विजेच्या गिटारी घरपोच मागवता येत होत्या. 'सिअर्स' कंपनीच्या छापील सूचीतून 'सिल्व्हरटोन' गिटार घेतलेल्या मुलांची संख्या मोठी होती. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकी दूरचित्रवाणीवर अवतरले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिले; त्यानंतर वाद्यवृंद काढण्याची लाटच आली. गावोगावी छोटी ध्वनिमुद्रणगृहे होती, काही शे प्रती काढून देणारे स्थानिक छाप होते आणि गावातली तबकडी वाजवणारे गावातले आकाशवाणी केंद्र होते. राष्ट्रीय बाजारपेठेच्या आड अशी असंख्य छोटी बेटे नांदत होती.

त्यांतले एक बेट विशेष महत्त्वाचे. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्यात सिॲटलपासून सुमारे ५० किलोमीटरवर टकोमा हे बंदराचे आणि त्या काळी लाकूड-कागदाच्या गिरण्यांचे असलेले शहर आहे. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन्ही केंद्रांपासून ते दूर. येथील 'द वेलर्स' या शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदाचे 'टॉल कूल वन' हे वादन १९५९ साली देशभर गाजले. प्रसिद्धी मिळाल्यावरही ही मुले पूर्व किनाऱ्यावर न राहता गावी परतली. १९६१ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी 'एटिकेट' नावाचा स्वतःचा छाप सुरू केला. प्रकाशक मिळत नाही वा मिळालेला मानवत नाही म्हणून स्वतःच छापण्याचा हा मार्ग आपल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीलाही परका नव्हता.

'एटिकेट'वरून १९६१ साली रॉबिन रॉबर्ट्‌स या गायकाच्या आवाजात 'लुई लुई' हे गाणे निघाले. मूळ गाणे लॉस एंजेलिसच्या रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायक-गीतकाराचे, १९५७ मधले. आशय अगदी साधा : एक खलाशी मद्यालयातल्या लुई नावाच्या माणसापाशी मन मोकळे करतो, जमैकात त्याची प्रिया वाट पाहते आहे आणि त्याला घरी जायचे आहे. मूळ ध्वनिमुद्रिका फार चालली नव्हती. वायव्येत मात्र रॉबर्ट्‌सच्या आवृत्तीने ते गाणे प्रत्येक वाद्यवृंदाला पाठ झाले.

एप्रिल १९६३ मध्ये शेजारच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे 'द किंग्जमेन' या मुलांनी काही डॉलर खर्चून ते ध्वनिमुद्रित केले. ध्वनिग्राहक उंच टांगलेला असल्यामुळे गायक जॅक इलायला मान वर करून ओरडावे लागले. शब्द कळेनासे झाले. गिटारच्या वादनानंतर तो एकदा चुकून आधीच गाऊ लागतो, गप्प होतो, आणि ड्रमवाला वेळ मारून नेतो. ही चूक तबकडीत तशीच राहिली. डिसेंबर १९६३ मध्ये हीच तबकडी 'बिलबोर्ड'च्या राष्ट्रीय यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पुढे जे घडले ते 'पाठ' आणि 'वाचक' यांच्या नात्यावर व्याख्यान देताना सांगण्यासारखे आहे. शब्द कळत नाहीत म्हणजे ते अश्लील असणार, अशी कुजबुज पसरली. १९६४ च्या आरंभी इंडियाना राज्याच्या गव्हर्नरांनी गाणे अश्लील असल्याचे म्हटले आणि एफबीआयने चौकशी आरंभली. तबकडी निरनिराळ्या वेगांनी वाजवून पाहण्यात आली. निष्कर्ष असा निघाला की कोणत्याही वेगाला शब्द लागत नाहीत. बेरीने लिहिलेले शब्द उपलब्ध होते. त्यात घरी परतण्याची ओढ होती, दुसरे काही नव्हते. ऐकणाऱ्यांनी मात्र त्यात आपापली भीती आणि आपापली वासना ऐकली.

टकोमाच्याच 'द सॉनिक्स'नी पुढचे पाऊल टाकले. १९६४ च्या 'द विच'मध्ये आणि १९६५ च्या 'हिअर आर द सॉनिक्स' या संचात जेरी रोझलीचा किंचाळता आवाज, फाटलेली गिटार आणि ड्रमचा आघात यांचा असा गलका आहे की तो आजही सौम्य वाटत नाही. ध्वनिमापकाचा काटा लाल रेषेपलीकडे जाऊ नये हा नियम त्यांनी जुमानला नाही. आपल्या परिसरात ते अतिशय लोकप्रिय होते. देशात जवळजवळ अज्ञात. १९६७ च्या सुमारास सगळेच ओसरले. व्हिएतनाम युद्धाची सक्तीची भरती, महाविद्यालये, नोकऱ्या, लग्ने यांनी वाद्यवृंद मोडले. श्रोत्यांची अभिरुचीही दीर्घ, प्रयोगशील ध्वनिमुद्रिकांकडे वळली. सॉनिक्सचा सॅक्सोफोनवादक रॉब लिंड वैमानिक झाला. तबकड्या माळ्यांवर आणि जुन्या सामानाच्या दुकानांत गेल्या.

येथून इतिहासाचा दुसरा, आमच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक भाग सुरू होतो. जून १९७१ मध्ये लेस्टर बँग्ज या समीक्षकाने 'क्रीम' मासिकात 'काउंट फाइव्ह' या एकाच गाण्याने लक्षात राहिलेल्या वाद्यवृंदावर लेख लिहिला आणि त्यात त्या वाद्यवृंदाच्या, कधीही न निघालेल्या, संचांची सविस्तर चर्चा केली. विनोद होताच, पण आवडीच्या माणसाला इतिहास अपुरा वाटला की तो उरलेला भाग रचून घेतो, हेही त्यात होते. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, लेनी के या तरुण लेखक-गिटारवादकाने 'नगेट्स' हा २७ गाण्यांचा दुहेरी संच सिद्ध केला. के स्वतः १९६६ साली टोपणनावाने अशीच एक तबकडी काढून बसलेला होता. म्हणजे संकलक त्याच गर्दीतला होता. जेमतेम पाचसहा वर्षांपूर्वीच्या, गल्लाभरू आणि किरकोळ समजल्या गेलेल्या गाण्यांना त्याने पुराणवस्तूंचा मान दिला. पुढे १९७८ पासून 'पेबल्स' आणि १९८३ पासून 'बॅक फ्रॉम द ग्रेव्ह' या मालिका निघाल्या, आणि शोध अधिकाधिक अज्ञाताकडे सरकत गेला. १९९८ मध्ये 'नगेट्स'चा विस्तार ११८ गाण्यांपर्यंत झाला.

या संकलनांनी एक उलटी प्रमाणकृती उभी केली. रूढ इतिहासात यश ही पात्रता असते, येथे अपयश ही पात्रता ठरली. तबकडी जितकी दुर्मिळ, मुले जितकी अडाणी, ध्वनी जितका ओबडधोबड, तितके गाणे अस्सल. याचा लाभ मोठा झाला. १९६६ मध्ये मिशिगनमधील मेक्सिकन स्थलांतरितांच्या मुलांनी 'नाइन्टी सिक्स टिअर्स' हे गाणे देशात पहिल्या क्रमांकावर नेले होते. ते केवळ योगायोग म्हणून विसरले न जाता एका परंपरेत बसवता आले, याचे श्रेय या हौशी मंडळींना आहे. पण 'अस्सल' हा निकष आला की निवड आली, आणि निवड आली की वगळणेही आले.

मराठीत 'नॉस्टॅल्जिया'ला 'स्मरणरंजन' म्हणतात. शब्द नेमका आहे. स्मरणात रंजन मिसळले की जे रंजक नाही ते गळते. टकोमा-सिॲटल परिसरात हे स्मरणरंजन फार लवकर सुरू झाले. दोन शहरांदरम्यानच्या महामार्गावर 'स्पॅनिश कॅसल' नावाचे नाचगृह होते. वेलर्सचा १९६२ चा संच त्याच्याच नावावर आहे. सिॲटलमध्ये जन्मलेल्या जिमी हेंड्रिक्सने १९६७ मध्ये लंडनमध्ये असताना त्या जागेच्या आठवणीवर गाणे केले. १९६८ मध्ये ती इमारत पाडली गेली. १९८५ मध्ये तर 'लुई लुई'ला वॉशिंग्टनचे अधिकृत राज्यगीत करावे अशी अर्धी थट्टेची, अर्धी गंभीर मोहीम झाली. राज्यगीत बदलले नाही. परंतु ज्या गाण्याची एफबीआयने चौकशी केली ते वीस वर्षांत गावाच्या अभिमानाचा विषय झाले होते.

आता या स्मरणातून गळलेल्यांकडे पाहू. सिॲटलमध्ये १९५८ पर्यंत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांच्या कामगार संघटना वेगळ्या होत्या. वेलर्स आणि त्यांच्या मागून आलेली गोरी मुले ज्यांचे वादन ऐकून शिकली, त्यांत ऑर्गनवादक डेव्ह लुइस हा कृष्णवर्णीय कलावंत प्रमुख होता. वायव्येच्या ध्वनीची घडण त्याच्यापाशी सुरू होते असे जाणकार सांगतात. पण 'गॅरेज' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ते उपनगरातले घर, वडिलांची मोटार आणि गोरा मुलगा. गॅरेज असण्यासाठी आधी घर असावे लागते. नावातच एक सामाजिक स्तर गृहीत धरलेला आहे. डेट्रॉइटच्या क्वात्रो भगिनींचा 'द प्लेझर सीकर्स' हा मुलींचा वाद्यवृंद याच काळातला. तरी प्रतिमा मुलाचीच राहते.

आणि रिचर्ड बेरी. १९५९ च्या सुमारास लग्नाच्या खर्चासाठी त्याने 'लुई लुई'चे हक्क ७५० डॉलरना विकले. त्यानंतर शेकडो वाद्यवृंदांनी ते गाणे वाजवले, एका राज्याने त्यावर आपला अभिमान टांगला, आणि बेरी दीर्घकाळ त्याच्या उत्पन्नापासून दूर राहिला. ऐंशीच्या दशकात कायदेशीर खटपटीनंतर त्याला हक्कांचा मोठा भाग परत मिळाला. १९९७ मध्ये तो वारला. हौसेला मोल नाही हे खरे, पण ते मोल कोणी तरी चुकते करीत असतो. ज्यांनी हौसेने वाजवले आणि ज्यांनी हौसेने जपले, त्यांच्यापैकी कोणी लबाड होते असे आमचे म्हणणे नाही. आवड प्रामाणिक होती. प्रामाणिक आवडही आंधळी असू शकते, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

या हौशी शोधाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. १९७० आणि १९७१ मध्ये 'सिमला' या सिगारेटच्या प्रायोजकत्वाने मुंबईत अखिल भारतीय बीट संगीत स्पर्धा झाल्या; निवडक वाद्यवृंदांच्या 'सिमला बीट' नावाच्या दोन तबकड्या निघाल्या. देशभरातल्या विद्यार्थ्यांचे हे इंग्रजी गाणे-वाजवणे होते. पुढे त्या तबकड्या परदेशी संग्राहकांना 'सापडल्या' आणि पुन्हा प्रकाशित झाल्या. सिद्धार्थ भाटिया यांचे त्या पिढीवरील 'इंडिया सायकेडेलिक' हे इंग्रजी पुस्तक २०१४ मध्ये आले. याच शहरात, याच वर्षांत, मराठी लघुनियतकालिके निघत होती आणि इंग्रजीत गाणी लिहिणारे अरुण कोलटकरही येथेच होते. आपल्या वाङ्मयेतिहासात मात्र ही दोन जगे एका पानावर येत नाहीत. लघुनियतकालिकांचे विखुरलेले अंकही आपल्याकडे प्रामुख्याने व्यक्तिगत संग्राहकांनीच जपले. म्हणजे आपल्या इतिहासाचा एक भागही कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी आवडीच्या आधाराने उभा आहे.

म्हणून हौशी संग्राहकाचे ऋण मान्य करूनच त्याला दोन प्रश्न विचारावेत असे आम्हांला वाटते : तुम्ही काय जपलेत, आणि जे जपले नाहीत ते कोणाचे होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तो नेहमीच उत्सुक असतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे अभ्यासकाचे काम आहे, आणि ते त्याने संग्राहकावर ढकलू नये. 'लुई लुई'तल्या खलाशाला घरी जायचे होते. त्याच्या गाण्यात पुढे अनेकांना आपापले घर सापडले. गाणे लिहिणाऱ्याचा पत्ता विचारायला मात्र फार उशीर झाला.