डब्यावर न लिहिलेली कृती

पाककृतीला वाङ्मय म्हणावे का, हा प्रश्न आमच्या वर्गांत अधूनमधून निघतो आणि हसण्यावारी जातो. ज्या कृतीविषयी येथे लिहायचे आहे ती तर छापलेलीही नव्हती. किंबहुना छापली न जाणे हीच तिच्या अस्तित्वाची अट होती. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेतील असंख्य कुटुंबांनी आपली पहिली बियर स्वयंपाकघरात, वाण्याकडून आणलेल्या माल्टच्या अर्काच्या डब्यातून तयार केली. त्या डब्यावर पाव, बिस्किटे, मिठाई असे सारे काही होते. बियर हा शब्द तेवढा नव्हता.

माल्ट म्हणजे काय, हे नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांत वेगळे सांगावे लागत नाही. सातू (जव) भिजवून मोड आणायचे, मोड वाढण्याआधीच ते वाळवायचे आणि भरडायचे. हा भरडा साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मुरला, की मोड येताना तयार झालेली विकरे पिष्टाची साखर करतात. मद्यकृतीतला सर्वांत नाजूक टप्पा हाच. तापमान चुकले की सगळेच बिघडते. तो गोड रस गाळून, आटवून काकवीसारखा घट्ट केला की माल्टचा अर्क झाला. म्हणजे डबा विकत घेणाऱ्याने कारखान्याचे अवघड काम आयतेच विकत घेतलेले असे. उरे ते पाणी, किण्व आणि धीर.

हा अर्क दारूबंदीने जन्माला घातलेला नव्हे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या योहान हॉफ यांचा माल्ट-अर्क शक्तिवर्धक म्हणून युरोप-अमेरिकेत खपत होता. मिलवॉकीच्या पाब्स्ट कंपनीचाही असाच अर्क अशक्त माणसांसाठी आणि बाळंतिणींसाठी म्हणून विकला जाई. एकाच पदार्थाला आधी औषधाचे, नंतर बेकरीच्या मालाचे लेबल लागले. पहिले लेबल खरे की दुसरे, हा वाद आम्ही घालत नाही. प्रत्येक काळात त्याला कायद्याच्या सोयीचे नाव मिळाले, एवढेच नोंदवतो.

मूळ अडचण कायद्याच्या भाषेतच होती. ऑक्टोबर १९१९मध्ये संमत झालेल्या व्होल्स्टेड कायद्याने अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय मादक ठरवले. त्याच्या २९व्या कलमाने घरापुरता सफरचंदाचा आणि इतर फळांचा ‘अमादक’ रस करायला मोकळीक दिली, आणि या एका विशेषणाच्या आडोशाने घरगुती वाइन राजरोस होऊ लागली. धान्याचा उल्लेख मात्र त्या सवलतीत नव्हता. द्राक्षवाल्याला पळवाट मिळाली, सातूवाल्याला नाही. पण २५व्या कलमात आणखी एक गोष्ट होती: राहत्या घरातून दारूची बेकायदा विक्री होत असेल, किंवा घराचा काही भाग धंद्यासाठी वापरात असेल, तरच त्याच्या झडतीचे वॉरंट निघू शके. म्हणजे स्वयंपाकघरात बियर करणे गुन्हा होता, आणि ते स्वयंपाकघर बहुधा कायद्याच्या हाताबाहेर होते. हा विरोधाभास नीट पाहिल्याशिवाय त्या डब्याचा खप समजणार नाही.

बियर विकण्यास बंदी झालेल्या कंपन्या अर्क विकू लागल्या. सेंट लुईसच्या अनहॉयझर-बुशने बडवायझर नावाचाच माल्टचा पाक बाजारात आणला, तोही हॉप्सचा स्वाद दिलेला. १९२७पासून हीच कंपनी बेकरीचे यीस्टही करू लागली. हॉप्स ही बियरला कडवटपणा देणारी फुले. ती घातलेल्या पाकाची बिस्किटे कोण खाणार? या बिस्किटांच्या कडूपणाची थट्टा पुढे कंपनीच्या मालक घराण्यातीलच एकाने केली आणि आपण चोरट्या दारूचे पुरवठादार झालो होतो, हेही मान्य केले.

संहितेतल्या रिकाम्या जागा वाचक भरतो, असा वोल्फगांग इझर यांचा सिद्धान्त आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्याचे याहून घरगुती उदाहरण आम्हांस आठवत नाही. डब्यावर जे नव्हते ते शेजारीण सांगे, किंवा कागदाच्या चिठोऱ्यावर हाताने लिहिलेले असे. तीन पौंडांचा (सुमारे १.४ किलो) डबा, वर साखर, पाच गॅलन म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी आणि पावाच्या यीस्टची वडी. एरवी आंबवलेली कोबी किंवा लोणचे घालायची दगडी बरणी, तिच्या तोंडावर फडके. आठवडाभरात फेस बसला की बाटलीत चिमूटभर साखर घालून बूच ठोकायचे. घाई केली तर आत उरलेली साखर आंबत राही, दाब वाढे आणि तळघरात रात्री बाटल्या फुटत. पावाच्या यीस्टमुळे पेय गढूळ होई, वासही उग्र. समीक्षक एच. एल. मेंकन यांच्यासारखा चोखंदळ माणूसही बाल्टिमोरच्या आपल्या घरी बियर करीत असे. त्या काळच्या एका विनोदी पद्यात तर सारे कुटुंबच या उद्योगात गुंतलेले दिसते. दारूबंदीच्या चळवळीला घर दारूपासून वाचवायचे होते. दारू गुत्त्यातून उठून घरातच आली.

सरकारने मग वस्तूंचा अर्थ लावायला सुरुवात केली. बाटल्या, बुचे, लेबले असे साहित्य विकणाऱ्याचा खटला १९३०मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. दारूचा थेंबही नसलेले ते सामान, ते ज्या रीतीने लोकांपुढे मांडले होते त्यावरून, ‘निर्मिती’च्या कक्षेत येते, असा निकाल न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिला. लेबलाला न्यायालयाने इतके गंभीर वाचन क्वचितच दिले असेल!

आपल्याकडच्या वाचकाला हे परके वाटू नये. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूबरोबर मोहाच्या फुलांवर आणि मळीवरही नियंत्रण आणले, आणि मादक पदार्थाची भलामण करणेही गुन्हा ठरवले. बालसरा खटल्यात १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातील भलामणीचा भाग भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. फूल सरकारच्या ताब्यात राहिले, शब्द सुटला.

अमेरिकेत ५ डिसेंबर १९३३ला दारूबंदी उठली. घरगुती वाइनला परवानगी मिळाली, घरगुती बियरला नाही; दुकानात चांगली बियर मिळू लागल्यावर डब्याची गरजही ओसरली. ब्रिटनमध्ये घरी बियर करण्यासाठी १८८०पासून लागणारा परवाना १९६३च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. अमेरिकेला आणखी पंधरा वर्षे लागली: जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केलेला कायदा १ फेब्रुवारी १९७९पासून अमलात आला. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००. १९८४मध्ये चार्ली पपाझियन यांचे घरगुती बियरवरचे पुस्तक आले आणि शेजारणीच्या चिठोऱ्यावरची कृती प्रकरणे आणि तक्ते घेऊन छापली गेली. आज ऑस्ट्रेलियातील कूपर्स कंपनीच्या अर्काच्या डब्याबरोबर सूचना येतात, यीस्टची पुडीही झाकणाखालीच असते, आणि बियर हा शब्द डब्यावर ठळक अक्षरांत असतो.