रेवाचिनीची मुळी आणि रुबार्बचा देठ

काष्ठौषधीच्या दुकानात रेवाचिनी नावाची पिवळसर, वाळलेली मुळी मिळते. आपल्यातल्या जाणत्या बायांना ती पोट साफ करायचं औषध म्हणून ठाऊक असेल. आणि टीव्हीवर विलायती स्वयंपाक दाखवतात, त्यात लाल-गुलाबी देठांचं एक आंबटगोड पक्वान्न असतं, ते रुबार्बचं. ही दोन्ही एकाच घराण्यातली. एकीची मुळी घ्यायची, दुसरीचा देठ खायचा. पान मात्र खायचं नाही. आज या झाडाचा इतिहास सांगतो आहोत, कारण पानाची ही साधी गोष्ट चुकीची सांगितली गेली आणि त्यापायी माणसं मेली.

आपल्या ओळखीचं सांगायचं तर आपला आंबट चुका हाही याच कुळातला. चुक्याला जो आंबटपणा असतो तो ज्या आम्लांमुळे, त्यातलं एक ऑक्झॅलिक आम्ल. रुबार्बच्या देठात ते बेतानं असतं, पानात पुष्कळ. अळूच्या पानातही हीच जात असते, पण तिथे ती सुईसारख्या खड्यांच्या रूपात असते, म्हणून घसा खवखवतो आणि आपण चिंच घालतो. अळू आपल्याला खाजवून सावध करतं. रुबार्बचं पान तसं काही करत नाही. हिरवंगार, रुंद, पालकासारखं दिसतं आणि चूप बसतं.

मुळीचा इतिहास फार जुना. चीनमध्ये तिला ‘मोठी पिवळी’ अशा अर्थाचं नाव आहे, आणि तिथल्या वैद्यकात ती दोन हजार वर्षांहून जास्त काळ चालत आलेली. मार्को पोलो तेराव्या शतकात चीनच्या वायव्येकडच्या डोंगराळ मुलखातून गेला, तेव्हा तिथे ही मुळी मुबलक होते आणि व्यापारी ती घेऊन जगभर नेतात असं त्यानं नोंदवलं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला समरकंदला आलेला स्पॅनिश वकील क्लाविहो रेशीम, कस्तुरी, माणकं, मोती यांच्याच रांगेत रेवाचिनी मोजतो. जुलाबाच्या औषधाला मोत्यांशेजारी जागा! पण नवल नाही. त्या काळच्या युरोपात बहुतेक दुखण्यांवर पहिला इलाज पोट मोकळं करणं हाच होता, आणि ही मुळी ते काम इतर जहाल औषधांपेक्षा सौम्यपणे करायची.

मग रशियाच्या झारांनी हा धंदा हातात घेतला. चीनच्या सीमेवरच्या क्याख्ता गावात सरकारी तपासनीस बसायचा. प्रत्येक तुकड्याला भोक पाडून आतून किडला आहे का ते बघायचा आणि खराब माल जाळून टाकायचा. 1731 ते 1782 ही मक्तेदारी चालली. आपल्या हळदीला अशी पारख मिळाली असती तर, असं हे वाचताना आमच्या मनात आलं.

पुढचा भाग आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. 1839 साली चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन झेशू यानं इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं. अफूचा व्यापार थांबवा, असं त्याचं म्हणणं. त्यात त्यानं असाही मुद्दा मांडला की आमचा चहा आणि आमची रेवाचिनी यांच्याशिवाय परदेशी माणसाचं चालत नाही. आम्ही त्या बंद केल्या तर तुमचं काय होईल? रेवाचिनीवाचून इंग्रज पोट कुंथून मरतील, अशी तिकडे खरंच समजूत होती. लिननं वीस हजारांहून जास्त अफूच्या पेट्या नष्ट केल्या. ती बहुतेक सगळी अफू हिंदुस्थानची. एक भाग बंगालकडचा आणि एक माळव्याचा, जो मुंबई बंदरातून चीनला जायचा. मुंबईच्या कित्येक जुन्या पेढ्यांची श्रीमंती या पेट्यांवर उभी राहिली. इंग्रजांनी लढाऊ जहाजं पाठवली. रेवाचिनी बंद होण्याच्या धमकीला कुणी भ्यायलं नाही.

तोवर इंग्लंडात वेगळंच काही सुरू झालं होतं. औषधासाठी चिनी झाडाचं बी आणून लावलं, पण मुळीला तो गुण येईना. मग लोकांच्या लक्षात आलं की देठ शिजवून साखर घातली तर फळासारखा लागतो. साखर मात्र भरपूर हवी. म्हणून देठाची चव लोकांपर्यंत पोहोचली ती साखर स्वस्त होत गेली तशी. आणि ती साखर वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या घामाची होती, हेही इथे सांगायला हवं. लंडनजवळ डेप्टफर्डला जोसेफ मायट नावाचा बागाईतदार होता. त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच जुड्या बाजारात पाठवल्या आणि तीनच खपल्या, असं सांगतात. तो हटला नाही. पुढे त्यानं काढलेली ‘व्हिक्टोरिया’ ही जात आजही लावतात.

पण खरी गंमत अंधाराची. 1815 नंतरच्या एका हिवाळ्यात लंडनच्या चेल्सी औषधी बागेत रुबार्बच्या गड्ड्यावर चुकून माती पडली. माती काढली तर खाली कोवळे, गुलाबी, गोडसर देठ आलेले! उजेड मिळाला नाही म्हणून पान वाढलं नाही, आणि गड्ड्यात साठलेलं सगळं देठात उतरलं. यॉर्कशायरमधल्या लीड्स आणि वेकफील्डच्या शेतकऱ्यांनी या गोष्टीचा धंदा केला. गड्डे दोन वर्षं उघड्या शेतात वाढवायचे, त्या काळात एकही देठ तोडायचा नाही. थंडीचा कडाका, दहिवर खाऊ द्यायचं. मग ते उपटून लांबलचक अंधाऱ्या शेडमध्ये नेऊन ठेवायचे आणि ऊब द्यायची. कोळसा तिथल्याच खाणींचा. खत म्हणून लोकरीच्या गिरण्यांचा टाकाऊ चुरा, कारण लोकरीत नत्र असतं आणि ते हळूहळू सुटतं. देठ मेणबत्तीच्या उजेडात काढायचे. त्या शेडमध्ये शांत उभं राहिलं तर कोंब फुटताना ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो म्हणे. हिवाळ्यात ताज्या फळांची वानवा असताना हा माल रात्रीच्या खास गाडीनं लंडनला जायचा. तिथे एकेकाळी दोनशेच्या आसपास शेतकरी होते, आता मोजकेच उरलेत. 2010 साली या रुबार्बला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे.

आता पानाची गोष्ट. पहिलं महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुड्या इंग्लंडला जाणारी धान्याची जहाजं बुडवत होत्या, भाजीपाल्याची ओढाताण होती. त्यात सल्ला निघाला की रुबार्बचं पान फेकू नका, भाजी करून खा. काटकसरी बाईला तो पटला असणारच. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे दांडे वाया जाऊ नयेत असं आपल्यालाही वाटतंच की. लोकांनी पानं उकडून खाल्ली. उलट्या, पोटात आग, आणि 1917 साली काही जण दगावले. मग सल्ला मागे घेतला गेला. पानातल्या आम्लाचा हिशोब केला तर जीव जायला कित्येक किलो पानं लागतील, म्हणून त्यात आणखी काही विषारी द्रव्यं असावीत असं शास्त्रज्ञ मानतात. पण त्या बायांना हिशोब कोण सांगणार होतं? पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी पान टाकून देठच घेत होते. त्या सवयीमागे काहीतरी कारण असेल, हे सल्ला लिहिणाऱ्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या युद्धात चित्र वेगळं दिसतं. ब्रिटनमध्ये 1915 पासून खेड्यातल्या बायांची मंडळं होती, आपल्या बचत गटांसारखीच, शाळेत नाहीतर सभागृहात जमणारी. साखर रेशनवर असताना त्यांनी सरकारकडून साखर मिळवली, गावोगावी केंद्रं उघडली आणि 1940 ते 1945 मध्ये 5,300 टनांहून जास्त फळांचे जॅम केले, बरण्या भरल्या, डबे बंद केले. मोजमाप, स्वच्छता, झाकणं, नोंदी, सगळं त्यांच्याच हाती. लोणची-पापडाच्या ऑर्डरी पुऱ्या करताना आपली होणारी धांदल आठवा, म्हणजे 5,300 टन म्हणजे काय ते कळेल.

युद्धानंतर मात्र रुबार्ब मागे पडला. केळी, संत्री येऊ लागली आणि लहानपणी कमी साखरेत शिजलेला आंबट देठ खाऊन लोक कंटाळले होते. अमेरिकेत 1947 साली एका न्यायालयानं तो फळच आहे असं ठरवलं, कारण लोक तो फळासारखा खातात आणि फळावर आयात कर कमी होता.

परदेशी असलेल्या लेकी-सुनांनी हा देठ आणला तर काय करायचं, तेही सांगतो. देठ सुरीनं कापत नाहीत. बुडाशी धरून, पिळून ओढतात. नव्या रोपाचे पहिल्या वर्षी अजिबात काढत नाहीत. नंतरही निम्मे देठ झाडावर ठेवतात आणि उन्हाळ्याच्या मध्यावर काढणी थांबवतात, म्हणजे गड्ड्याला पुढच्या वर्षाची शिदोरी साठवता येते. पान लगेच छाटून टाकायचं, नाहीतर ते देठातलं पाणी ओढतं. देठ ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात. तुकडे करून गोठवले तर वर्षभर. हिमानं लिबलिबीत झालेले देठ खायचे नाहीत. शिजवायला ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं नको. का ते चिंचेचा कोळ करणाऱ्या बाईला सांगायला नकोच. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. आणि रेवाचिनीची मुळी गरोदर बाईनं किंवा लहान मुलाला आपल्या मनानं देऊ नका.

आपल्या शेतात ही लागवड जमायची नाही. गड्ड्याला हिवाळ्यात कडक गारठा लागतो, तो दख्खनला नाही. पण हिमालयात याच घराण्याची झाडं आहेत. उत्तराखंडात तिला डोलू म्हणतात. वर्षानुवर्षं वाढलेली मुळी औषधासाठी खणून नेतात, आणि मुळीच गेल्यावर झाड उरत नाही. रानातली डोलू म्हणून कमी होत चालली आहे. तिथल्या काही गावांत आता तिची रोपं करून शेतात लावायला सुरुवात झाली आहे. बारा-पंधरा हजार फुटांच्या उंचीवरच्या त्या झाडाला खाली, बांधावर आणायचं काम सोपं नाही, आणि मुळी हाती यायला तीन-चार वर्षं थांबावं लागतं.