थकव्याचे निदान

इ.स. १२३२ मध्ये मंगोलांनी चीनमधील कायफेंग नगराला वेढा घातला. वेढा उठल्यावर असंख्य माणसे तापाने मेली. वैद्य ली गाओ (११८०-१२५१) यांनी पुढे लिहिले, की हा ताप बाहेरून आलेल्या रोगाचा नव्हेच. उपासमार आणि श्रम यांनी माणसे आतून खचली होती. घाम आणणाऱ्या व रेचक औषधांनीच अनेकांचा बळी घेतला.

अशक्तपणावर जिनसेंग, ज्येष्ठमध आदी चार द्रव्यांचा ‘चार सज्जनांचा काढा’ सोंग काळापासून रूढ होता. मंद पचनातून आलेल्या साध्या थकव्याला तो पुरेसा. खालावलेली प्राणशक्ती वर उचलण्यासाठी लींनी आठ द्रव्यांचा वेगळा काढा योजला. त्यात हुआंगछी ही मुळी प्रमुख. कोणता काढा द्यावा, हे ठरवण्याआधी रोग्यावर काय गुदरले, हे जाणणे महत्त्वाचे.