खासगी संस्थांतील इंग्रजीचे अध्यापन आणि अध्यापकाचा दैनंदिन कार्यभार : एक ऐतिहासिक अभ्यास
(मराठी प्रदेश व गोंदिया जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

अध्यापकाचे काम तासांत मोजण्याची पद्धत आज सर्वमान्य झाली आहे. मात्र वर्गातील तास हा अध्यापकाच्या कामाचा एक भाग असतो, संपूर्ण काम नव्हे. मराठी प्रदेशात इंग्रजी शिकविण्यासाठी आलेल्या परदेशी अध्यापकांपासून आजच्या तासिका तत्त्वावरील अध्यापकांपर्यंत या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. वर्गाबाहेरील काम प्रत्येक काळात होते. परंतु त्या कामामागील आधार काळानुसार बदलत गेला आणि तासिका पद्धतीत तो जवळजवळ नाहीसा झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कार्यभार, इंग्रजी अध्यापन, मिशन शाळा, आजीव सदस्य, तासिका तत्त्व, गोंदिया जिल्हा.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात इंग्रजी शिक्षणाचा विचार प्रामुख्याने त्याच्या परिणामांच्या अंगाने झाला आहे. प्रबोधन, धर्मसुधारणा, वृत्तपत्रसृष्टी, राष्ट्रवाद इत्यादी विषयांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. हे शिक्षण प्रत्यक्ष वर्गात देणाऱ्या अध्यापकाचा दिवस कसा जात असे, त्याच्या शिरावर किती कामे असत आणि त्यांपैकी कोणत्या कामांची गणना होत असे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. महाविद्यालयीन अध्यापकांच्या कार्यभाराची चर्चा आज प्रत्येक शिक्षकवृंदकक्षात होत असते. तिला ऐतिहासिक पार्श्वभूमी मिळावी, हा या लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) एकोणिसाव्या शतकातील परदेशी इंग्रजी अध्यापकांच्या कामाचे स्वरूप पाहणे. २) देशी खासगी संस्थांत कार्यभाराचा प्रश्न कसा उपस्थित झाला, याचा शोध घेणे. ३) या इतिहासाच्या प्रकाशात गोंदिया जिल्ह्यासारख्या भागातील सद्यःस्थितीचा विचार करणे. लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

मुंबईतील प्रारंभ : अध्यापक थोडे, कामे अनेक

मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेली शाळापुस्तक मंडळी १८२७ पासून 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. लोकवर्गणी आणि सरकारी साहाय्य या दोहोंवर ती चालत असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ निधी जमविण्यात आला. त्यातून विलायतेहून प्राध्यापक आणण्याचे ठरले आणि १८३५ मध्ये आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार व जॉन हार्कनेस हे दोघे मुंबईस आले. ऑर्लेबार यांच्याकडे गणित व भौतिक विज्ञाने होती, तर हार्कनेस यांच्याकडे वाङ्मयादी विषय होते. पाश्चात्त्य विद्येचे सारे वर्तुळ अशा रीतीने केवळ दोन माणसांत वाटले गेले. पुढे कुलाबा वेधशाळेची जबाबदारीही ऑर्लेबार यांच्याकडे आली. वर्गातील अध्यापन आणि वेधशाळेतील नोंदी ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीला करावी लागली.

या संदर्भात बाळशास्त्री जांभेकर यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. १८३४ मध्ये त्यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली होती. ऑर्लेबार यांच्या अनुपस्थितीत वेधशाळेचे काम त्यांनी पाहिले. याशिवाय पाठ्यपुस्तकांचे लेखन, शाळांची तपासणी, अध्यापकांच्या प्रशिक्षणवर्गाचे संचालन, १८३२ मध्ये सुरू केलेले 'दर्पण' आणि १८४० मधील 'दिग्दर्शन' ही कामे त्यांनी केली. १८४६ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. परदेशी प्राध्यापकाचे पद रिकामे राहिले, तरी काम थांबत नसे आणि ते देशी साहाय्यकाकडे वळत असे. मराठी प्रदेशातील कार्यभाराच्या इतिहासात ही बाब पुन्हा पुन्हा आढळते.

मिशन शाळा : वर्गाच्या सीमेपलीकडील काम

अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या. मुलींच्या शाळांची देखरेख हे त्यांचे नेमलेले काम होते. १८३९ पासून १८६२ मधील निधनापर्यंत त्यांनी अहमदनगर येथे हे कार्य केले. 'देखरेख' या एका शब्दात भाषा शिकणे, पालकांची समजूत घालणे, मुलींची उपस्थिती टिकविणे, शिक्षक मिळविणे आणि शाळाशाळांतून फिरणे एवढी कामे सामावलेली होती. त्यांपैकी एकही काम वेळापत्रकात दाखविता येण्याजोगे नव्हते.

स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी १८३२ मध्ये सुरू केलेली इंग्रजी शाळा ही आजच्या विल्सन महाविद्यालयाची पूर्वपीठिका होय. इंग्रजी शिकविण्यापूर्वी त्यांना मराठी शिकावी लागली. शाळेबरोबरच धर्मोपदेश, जाहीर वादविवाद, नियतकालिकाचे संपादन आणि पौर्वात्य विद्येचा व्यासंग त्यांनी केला. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. मिशनरी अध्यापकाच्या बाबतीत शाळेचा दिवस आणि स्वतःचा दिवस यांत भेद करणे कठीण होते.

नागपूर राज्य आणि स्टीफन हिस्लॉप

आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता. या राज्यातील इंग्रजी शिक्षणाचा विचार करताना स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी येते. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले. या फ्री चर्चच्या वतीने हिस्लॉप १८४४ च्या अखेरीस भारतात आले, १८४५ मध्ये कामठीस पोहोचले आणि १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना मिळाले. परंतु १८५५ मध्ये तेही येथून गेले.

हिस्लॉप यांच्या कामाची यादी पाहिली म्हणजे 'अध्यापक' ही संज्ञा अपुरी वाटू लागते. शाळा चालविणे, मराठीतून उपदेश करणे आणि दौरे काढणे हे त्यांचे नित्याचे काम होते. त्याच दौऱ्यांत हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूस्तरांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला. मध्य प्रांतातील आदिवासींविषयी, विशेषतः गोंडांविषयी, त्यांनी जमविलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातील शिळावर्तुळांच्या पाहणीहून परतताना नाला ओलांडत असता त्यांना जलसमाधी मिळाली. नागपूर येथे १८८३ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, या अध्यापकांचे बहुतांश काम वर्गाबाहेरचे होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या अमर्याद कामामागे मिशन संस्था उभी होती. निर्वाहाची तरतूद, निवास आणि दीर्घ सेवेनंतर मायदेशी जाण्याची रजा यांचा भार ती उचलीत असे. तासांचा हिशेब नव्हता, तसाच तासांवर निर्वाह अवलंबून असण्याचा प्रश्नही नव्हता. हाच आधार मिशन शाळांतील देशी शिक्षकाला त्याच प्रमाणात लाभत नव्हता, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

देशी खासगी संस्था : व्रत आणि वाद

१८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. अनुदानाबरोबर तपासणी आली, हजेरीपट आले आणि पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरविण्याची पद्धतही आली. अध्यापकाचे काम बाहेरच्या अधिकाऱ्याला दाखविता येईल अशा स्वरूपात मांडण्याची गरज येथून निर्माण झाली.

याच चौकटीत देशी खासगी संस्था वाढल्या. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. परदेशी अध्यापकाच्या जागी येथे अल्प वेतनावर दीर्घ सेवेचे व्रत घेतलेला आजीव सदस्य आला.

त्याचाही कार्यभार वर्गापुरता नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले. मागणीनुसार कोणताही विषय शिकविणारा प्राध्यापक अशी त्यांची ख्याती होती. सुट्या महाविद्यालयासाठी वर्गणी जमविण्यात जात. प्राचार्य आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. तो अध्यापन व प्रशासन सांभाळून सिद्ध झाला होता.

सोसायटीतील सुप्रसिद्ध मतभेदाकडेही या दृष्टीने पाहता येते. आजीव सदस्यांनी आपला सर्व वेळ संस्थेलाच द्यावा, असा टिळकांचा आग्रह होता. १८९० मध्ये गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्याने हा वाद विकोपास गेला आणि त्याच वर्षी टिळक सोसायटीतून बाहेर पडले. या वादाला अन्य कारणेही होती. तथापि, अध्यापकाच्या वेळावर संस्थेचा अधिकार कोठवर, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कार्यभाराचाच होता. आजीव सदस्याला त्यागाच्या बदल्यात स्थैर्य, निवृत्तीनंतर अल्पसे निवृत्तिवेतन आणि संस्थेच्या कारभारात मत हे तीन आधार मात्र निश्चित होते.

भाषावर्गांचे जग : तास हेच वेतन

भाषाशिक्षणाचा व्यवसाय करणाऱ्या संस्थांत वेगळीच पद्धती आकारास येत होती. १८७८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बर्लिट्झ शाळांनी मातृभाषक शिक्षक नेमून तासावारी भाषा शिकविण्याचा उद्योग जगभर नेला. प्रसिद्ध कादंबरीकार जेम्स जॉइस १९०४ मध्ये ऑस्ट्रियाच्या ताब्यातील पोला या बंदरात अशाच शाळेत आठवड्याला १६ तास इंग्रजी शिकवीत असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उद्योगाने पूर्व आशियात मोठे रूप धारण केले. दक्षिण कोरियातील सरकारी योजनेत परदेशी इंग्रजी शिक्षकाला आठवड्याला २२ तास अध्यापन असे, तर खासगी अकादमींच्या करारांत ते साधारणतः ३० तासांपर्यंत जाई. जपानमधील अनेक खासगी भाषाशाळांनी २९.५ तासांचे करार रूढ केले. पूर्णवेळ नोकरीची मर्यादा टाळून सामाजिक विम्याची जबाबदारी दूर ठेवणे हा त्यामागील उद्देश असल्याचे शिक्षक संघटनांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २००७ मध्ये 'नोव्हा' ही जपानमधील मोठी भाषाशाळा कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षक वेतनाविना उघड्यावर पडले. हे शिक्षक इंग्रजी मातृभाषा असलेल्या संपन्न देशांतून आलेले होते, तरीही तासावर बेतलेल्या नोकरीचे धोके त्यांना चुकले नाहीत.

गोंदिया जिल्ह्याचा संदर्भ

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. मनोहरभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या गोंदिया शिक्षण संस्थेने या भागात उच्च शिक्षणाचा पाया घातला होता. त्यानंतर तालुक्याच्या ठिकाणीही महाविद्यालये निघाली. २००० पासून राज्यात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय सुरू झाला आणि इंग्रजी शिकविणाऱ्यांची मागणी वाढली. ती पूर्ण करण्यासाठी परदेशी अध्यापक येथे आला नाही. कायम पद न मिळालेला स्थानिक पदव्युत्तर तरुण महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, खासगी शाळेत ठोक मानधनावर आणि संध्याकाळी शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवू लागला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी, पूर्वीचीच तरतूद कायम ठेवीत, पूर्णवेळ अध्यापकासाठी वर्षातील ३० आठवडे दर आठवड्याला किमान ४० तासांचा कार्यभार ठरविला. त्यांपैकी सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे आहे. योगायोगाने जॉइस यांचे तासही तेवढेच होते. उरलेले २४ तास पूर्वतयारी, मूल्यमापन, संशोधन, मार्गदर्शन व प्रशासकीय कामांचे होत. याचा अर्थ, वर्गातील एका तासामागे दीड तासाचे काम असते, हे नियमानेच मान्य केले आहे. पूर्णवेळ अध्यापकाच्या वेतनात हा दीड तास अंतर्भूत असतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मात्र प्रत्यक्ष झालेल्या तासिकेचेच मानधन मिळते. सालेकसा किंवा देवरी परिसरातून आलेल्या, घरी गोंडी, छत्तीसगढी वा झाडीबोली बोलणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी शिकविताना तर हे वर्गाबाहेरील काम कमी होत नाही, वाढतेच. त्याच्या वह्या तपासणे, शंका ऐकणे आणि त्याची भाषा समजून घेणे यांवाचून इंग्रजीचा तास यशस्वी होत नाही.

निष्कर्ष

१) मराठी प्रदेशातील इंग्रजी अध्यापनात वर्गाबाहेरील काम प्रारंभापासून वर्गातील कामापेक्षा कमी नव्हते. २) मिशनरी अध्यापकाच्या बाबतीत या कामाचा भार मिशन संस्थेने आणि आजीव सदस्याच्या बाबतीत स्थैर्य देणाऱ्या सोसायटीने उचलला. देशी साहाय्यकाच्या वाट्याला हा आधार त्या प्रमाणात आला नाही. ३) तासावारी वेतनाचा नमुना भाषावर्गांच्या उद्योगाशी जुळणारा असून महाविद्यालयात तो आला, तेव्हा वर्गाबाहेरील काम कायम राहिले आणि त्याचा आधार तेवढा गेला. ४) कार्यभाराचे सूत्र ठरविताना विनियमांनी मान्य केलेले १६ व २४ तासांचे प्रमाण तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या मानधनालाही लागू करणे न्याय्य ठरेल.

हिस्लॉप यांच्या शाळेपासून तालुक्यातील महाविद्यालयापर्यंतच्या या प्रवासात इंग्रजी शिकविणारी व्यक्ती बदलली, तिचे गाव व देश बदलले. परंतु कामाचे स्वरूप फारसे बदलले नाही. ज्या कामाची नोंद हजेरीपटात होत नाही, ते कोणाच्या तरी खर्चाने होतच असते. आज तो खर्च अध्यापन क्षेत्रातील सर्वांत अस्थिर घटक सोशीत आहे, याची दखल उच्च शिक्षणाच्या धोरणाने घेणे अगत्याचे आहे.